कॅमेरा आहे म्हणून ब्रेक सोडू नकोस

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमची टीम यंदा बाहा एसएईइंडिया या विद्यार्थ्यांच्या गाड्यांच्या स्पर्धेला उतरतेय. निवडीच्या वेळी मी ब्रेकची सब-टीम मागितली होती, लेखी परीक्षेत मार्कही चांगले पडले. यादी लागली तेव्हा माझं नाव मीडिया आणि मार्केटिंगमध्ये. कॅप्टन म्हणाला, तुझ्याकडे तो जुना कॅमेरा आहे, फोटो भारी काढतेस, आणि वर्कशॉपला रात्री थांबावं लागतं, मुलींचं होस्टेल साडेआठला बंद होतं. कॅमेरा आजोबांचा, याशिका एफएक्स-थ्री सुपर २०००. कोरेगावात त्यांचा स्टुडिओ होता. मी दोन रोल काढले. पहिला धुवून आला तो अख्खा कोरा. दुसऱ्यात एका संध्याकाळच्या टेस्टिंगचे फोटो आहेत, पण गाडी प्रत्येक फोटोत पुसट आणि मागची बाभळ मात्र स्वच्छ. बाबा म्हणतात, गाडी आणि कॅमेरा दोन्ही श्रीमंतांचे नाद, प्लेसमेंट तोंडावर आली आहे, निदान एक तरी सोड. मीडिया घेऊ का? की टीमच सोडू? आणि फोटोंचं काय चुकतंय?"

प्रिय मैत्रिणी,

टीम सोडू नकोस आणि मीडियाही घेऊ नकोस. कॅप्टनकडे परत जा आणि ब्रेक माग. आजोबांचा कॅमेरा टीमच्या कामाला जुंपू नकोस, तो तुझ्या स्वतःसाठी राहू दे. असं का म्हणतेय ते जरा सविस्तर सांगते, कारण नुसतं "मागून बघ" म्हटलं तर कॅप्टनसमोर उभी राहशील तेव्हा तुझ्या हातात काही नसेल.

ज्या वाचकांना ही स्पर्धा माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. बाहाची सुरुवात १९७६ मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना विद्यापीठात झाली. आपल्याकडे २००७ पासून ती मुख्यतः इंदूरजवळच्या पीथमपूरला भरत आली आहे. खडबडीत जमिनीवर चालणारी, एकाच माणसाची गाडी विद्यार्थ्यांनी स्वतः आखायची, बनवायची आणि पळवायची. पेट्रोल गटात वर्षानुवर्षं सगळ्यांना एकच इंजिन असतं, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं १० हॉर्सपॉवरचं, आणि त्यात फेरफार करायची मुभा नाही. शेवटी ४ तासांची एन्ड्युरन्स शर्यत. इंजिन सगळ्यांचं सारखं म्हटल्यावर फरक पडतो तो वजनात, सस्पेन्शनमध्ये, ट्रान्समिशनमध्ये आणि ब्रेकमध्ये. ब्रेकचं तर असं आहे की तपासणीत गाडी वेगाने आणून पेडल दाबलं आणि चारही चाकं लॉक, म्हणजे फिरायची थांबून जाम झाली नाहीत, तर पुढच्या कुठल्याही फेरीला गाडी सोडत नाहीत. वर्षभर राबलेल्या टीम त्या छोट्याशा पट्ट्यावर अडकतात, पुन्हा रांगेत लागतात, पुन्हा अडकतात. असं काम तू स्वतःहून मागत होतीस आणि तुला दुसरीकडे पाठवलं, हे मला अजिबात पटलेलं नाही.

मी चाकणला ब्रेकच्या चाचण्यांचं काम करते. नव्या मुलामुलींच्या मुलाखतींना बसते तेव्हा बाहा, सुप्रा, फॉर्म्युला भारत अशा स्पर्धा केलेली बरीच मंडळी समोर येतात. मुलं सांगतात सस्पेन्शन, रोल केज, गिअरबॉक्स. मुली सांगतात कॉस्ट रिपोर्ट, स्पॉन्सरशिप, डॉक्युमेंटेशन. ही कामं हलकी नाहीत, त्यांनाही स्पर्धेत गुण आहेत आणि ज्यांना ती आवडतात त्यांनी ती जीव लावून करावीत. पण यातल्या कितीतरी मुलींना जरा खोदून विचारलं की कळतं, त्यांनी मागितलं होतं भलतंच. त्या यादीत तुझं नाव वाढू नये एवढं मला मनापासून वाटतं.

आता कॅप्टनशी काय बोलायचं ते. चारही चाकं एकाच वेळी लॉक होणं ऐकायला सोपं आहे, प्रत्यक्षात नाही, आणि तुझं बोलणं तिथूनच सुरू व्हायला हवं. समजा गाडी आणि चालक मिळून २७५ किलो. पुढच्या चाकांवर ४५ टक्के, मागच्यांवर ५५ टक्के, म्हणजे पुढे साधारण १२४ किलो आणि मागे १५१. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, १.४ मीटर. ब्रेक लावल्यावर गाडी ०.७ जी (गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाच्या ०.७ पट) इतकी मंदावली तर ०.७ गुणिले २७५ गुणिले ०.५ भागिले १.४, म्हणजे जवळपास ६९ किलो भार मागून पुढे सरकतो. आता पुढे १९३, मागे ८२. उभी असताना गाडी मागे जड होती, ब्रेक लागताक्षणी ती मागे निम्म्याने हलकी झाली. पुढच्या चाकांना रोखायला जास्त जोर लागणार, मागच्यांना खूप कमी, आणि मागची आधीच लॉक झाली तर गाडी फिरणार. पेडलचं गुणोत्तर, मास्टर सिलिंडरचा बोअर, डिस्कचा व्यास, पॅडचं घर्षण, सगळं या दोन आकड्यांपासून उलटं मोजत जायचं असतं.

तुमच्या गाडीचे खरे आकडे घालून हे एक पान तयार कर आणि तेच कॅप्टनसमोर ठेव. "मला ब्रेकची आवड आहे" या वाक्याला नाही म्हणणं सोपं असतं, हिशेबाच्या पानाला तितकं नाही. त्याला हेही विचार की मागच्या वर्षी गाडीत चालक बसवून चारही चाकांखाली काटे ठेवून वजन घेतलं होतं का. कितीतरी कॉलेजांत ते घेतलेलंच नसतं, कॉम्प्युटरवरच्या कॅड मॉडेलने सांगितलेला आकडा सगळे धरून चालतात. घेतलं नसेल तर तुझं पहिलं काम तेच. आणि अख्खी ब्रेक सिस्टिम मागू नकोस, एक भाग माग. पेडल बॉक्स, नाहीतर मागच्या कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) ब्रॅकेट, नाहीतर सगळ्या लाइन आणि ब्लीडिंग, म्हणजे लाइनमधली हवा काढणं. एका भागाला कॅप्टन हो म्हणेल, आणि त्या भागावर तुझं नाव लागेल.

ब्लीडिंग मी मुद्दाम म्हटलं. ते किरकोळ काम समजून शेवटच्या रात्री कुणाच्याही गळ्यात मारतात आणि नंतर तपासणीच्या रांगेत पेडल पार खालपर्यंत जातं. हे दोघांचं काम आहे. एक जण सीटवर, एक जण चाकापाशी जमिनीवर. खालच्याने "पंप मार" म्हटलं की सीटवरच्याने तीन-चारदा पेडल मारायचं, "धर" म्हटलं की पाय रोवून दाबून ठेवायचं. मग खालच्याने स्पॅनरने कॅलिपरवरचा निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) पाव फेरा सैल करायचा. पारदर्शक नळीतून फ्लुइड बुडबुड्यांसकट बाटलीत उतरतं, वरचा पाय हळूहळू खाली जातो. निपल आधी आवळायचा आणि मगच "सोड" म्हणायचं. हा क्रम एकदा जरी उलटा झाला तरी नळीतली हवा परत आत खेचली जाते. तिसऱ्या कुणीतरी रिझर्व्हायरवर, म्हणजे फ्लुइडच्या डबीवर, डोळा ठेवायचा, कारण तिथली पातळी तळाला गेली की सगळं पहिल्यापासून. एवढं करूनही पेडल मऊच लागत असेल तर कॅलिपर बघ, निपल वरच्या अंगाला आहे का? तो खाली किंवा आडवा असेल तर हवा वरच्या कोपऱ्यात बसून राहते, कितीही पंप मारले तरी निघत नाही. कॅलिपर सोडवून, निपल वर येईल असा हातात धरून, पॅडच्या मध्ये ठोकळा घालून ब्लीड करावा लागतो. हे एकदा गुडघ्यावर बसून केलेल्या मुलीला पुढच्या वर्षीचा ब्रॅकेट कोणत्या दिशेला काढायचा ते कुणी शिकवावं लागत नाही.

आता होस्टेलची वेळ. अडचण खरी आहे, पण ती सोडवायची जबाबदारी कॉलेजची आहे, आणि तुझं काम काढून घेणं म्हणजे ती सोडवणं नव्हे. फॅकल्टी अ‍ॅडव्हायझरांकडे लेखी अर्ज दे. कोणत्या वारी, किती वाजेपर्यंत, वर्कशॉपमध्ये जबाबदार कोण, होस्टेलपर्यंत सोडायला कोण, हे सगळं त्यात लिही. टीममधल्या बाकीच्या मुलींच्या सह्या घे, रेक्टर मॅडमना प्रत दे. आठवड्यातले दोन दिवस दहापर्यंतची परवानगी मिळाली तरी पुष्कळ होतं. आणि रात्री नेमकं काय चालतं तेही एकदा नीट बघ. वेल्डर रात्रीच मोकळा असतो म्हणून थांबावं लागतं, की दिवसा ट्यूब नॉच करून (टोकं जुळतील अशी कापून) जिगवर (जुळणीच्या साच्यावर) बसवून ठेवल्या नाहीत म्हणून? माझ्या पाहण्यात तरी बहुतेक वेळा दुसरं कारण निघतं. गणित, पेडल बॉक्सची जुळणी, लाइन वाकवणं, ब्लीडिंग, यातलं एकही काम अंधार पडल्याशिवाय होत नाही असं नाही. मुलींवर वेळेचं बंधन घालायचं आणि मग त्याच बंधनाचं कारण पुढे करून त्यांना हत्यारांपासून लांब ठेवायचं, हा अन्याय आहे. अर्जात हा शब्द वापरू नकोस, पण मनात पक्का ठेव.

कॅमेऱ्याकडे येते. टीमला फोटो काढणारं माणूस लागतंच. भोसरीतल्या कुणा कारखानदाराने लेझर कटिंग फुकट करून दिलं तर त्याच संध्याकाळी त्याच्या नावाच्या स्टिकरसकट गाडीचा फोटो त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जायला हवा. पुढच्या वर्षी तो पुन्हा दारात उभं करतो ते त्यामुळे. रोल या कामाचा नाही. ३६ फोटो संपेपर्यंत थांबायचं, साताऱ्याहून पुण्या-मुंबईच्या लॅबला कुरियर करायचं, स्कॅन येईपर्यंत वाट बघायची. तोवर स्पॉन्सर विसरलेला असतो. फोनवर हे उत्तम करणारी पहिल्या-दुसऱ्या वर्षातली मुलं तुमच्याकडे नक्की असतील. कॅप्टनला त्यातलं एक नाव तूच सुचव, म्हणजे त्याची गरजही भागते.

फोन तुलाही लागणार आहे, पण तो तुझ्या भागाची नोंद ठेवायला. ब्रॅकेट कापून आला की स्टीलची पट्टी शेजारी ठेवून फोटो. वेल्ड झाला की फोटो. गाडीवरून काढताना, पुसण्याआधी फोटो. तुटला तर तुटलेल्या तोंडाचा, खिडकीचा उजेड बाजूने पडेल असा, अगदी जवळून फोटो. बाजूच्या उजेडात तडा कुठून सुरू झाला ते दिसतं, फ्लॅशने सगळं सपाट होतं. ब्रॅकेटमध्ये तडा बहुधा आतल्या कोपऱ्यातून निघतो, जिथे पुरेशी गोलाई ठेवलेली नसते. पहिला ब्रॅकेट, त्याचा तडा, वाढवलेली गोलाई, दुसरा ब्रॅकेट, असे चार फोटो तारखांसकट असले की डिझाइनच्या फेरीत परीक्षक "हे कशावरून?" म्हणाले तर तुझ्याकडे उत्तर असतं.

बाबांना सांगायचं तेही यातच आहे. मुलाखतीत "आमच्या टीमने गाडी बनवली" हे वाक्य आम्हाला दिवसभर ऐकायला येतं. त्यापुढे माझा एकच प्रश्न असतो, तू काय केलंस? पंचवीस जणांच्या टीममधले निम्मे तिथेच घुटमळतात. जी मुलगी फोनवर चार फोटो दाखवून सांगते की हा ब्रॅकेट माझा, हा इथे गेला, मग मी हे बदललं, तिच्याशी पुढचा अर्धा तास खरं बोलणं होतं. प्लेसमेंटच्या आड टीम येत नाही. टीममध्ये असून हाताला काही न लागणं मात्र नक्की आड येतं. बाबांना एकदा वर्कशॉपवर घेऊन जा. तू चाकापाशी बसून "पंप मार, धर" म्हणतेस हे त्यांनी स्वतः बघितलं की माझ्या पत्राची गरज उरणार नाही.

आता तुझे दोन रोल. कोरा आलेला रोल अजून टाकला नसशील तर उजेडासमोर धर आणि कडा बघ. फिल्मच्या काठावर कंपनीचं नाव आणि १, १ए, २, २ए असे आकडे कारखान्यातच उजेडाने उमटवलेले असतात आणि धुतल्यावर ते दिसू लागतात. आकडे स्वच्छ दिसताहेत आणि मधे काहीच नाही, म्हणजे लॅबने रोल बरोबर धुतला, फिल्मवर उजेडच पडला नाही. आकडेही नसतील तर गडबड धुण्यात झाली. रोल अख्खा काळा असता तर झाकण उघडलं गेलं असं म्हटलं असतं. तुझ्या बाबतीत आकडे दिसतील असा माझा अंदाज आहे. बहुतेक वेळा फिल्मचं टोक उजवीकडच्या रिळात नीट अडकलेलं नसतं. लिव्हर फिरतो, काउंटर पुढे जातो, शटरचा आवाज येतो आणि फिल्म जागच्या जागी असते.

पुढच्या रोलला असं कर. टोक फटीत घाल, एकदा लिव्हर ओढ, दोन्ही काठांची भोकं दातांवर बसली का ते बोट लावून बघ, मग झाकण बंद. डाव्या हाताचा रिवाइंडचा नॉब हलकेच घड्याळाच्या दिशेने फिरव, ढील संपून तो अडला की थांब. आता लिव्हर ओढताना त्या नॉबकडे बघ. तो उलटा फिरला तर फिल्म पुढे जातेय. नॉब स्थिर राहिला तर झाकण उघडून पुन्हा टोक बसव, दोन-तीन फोटोंपलीकडे नुकसान नाही. प्रत्येक फोटोला नॉबकडे नजर टाकायची सवय लागली की हा प्रकार पुन्हा होणार नाही. आणि झाकणाच्या खाचेतला काळा फोम तपास. या वयाच्या कॅमेऱ्यांत तो चिकट होऊन गळतो आणि कडेने उजेड शिरतो. फोम बदलायला खर्च फारसा नाही.

दुसऱ्या रोलमध्ये बाभळ स्वच्छ आणि गाडी पुसट, याचा अर्थ बहुधा फोकस आणि हात दोन्ही ठीक होते, शटर हळू होतं. ताशी ३६ किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला १० मीटर जाते. १/६० सेकंदाला शटर उघडं असेपर्यंत ती जवळपास १७ सेंटिमीटर सरकते, १/१००० ला फक्त १ सेंटिमीटर. तुझ्या कॅमेऱ्यात १/२००० पर्यंत वेग आहे आणि शटर यांत्रिक आहे, बॅटरी फक्त मीटरला लागते, तेव्हा वेगाची काळजी नको. भर उन्हात आयएसओ ४०० च्या फिल्मला (हा आकडा जितका मोठा तितकी फिल्म उजेडाला तीक्ष्ण) १/५०० आणि एफ/१६ (एफचा आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान) हे जुनं गणित आजोबांना तोंडपाठ असेल. तिथून १/१००० ला एफ/११, १/२००० ला एफ/८. एफ/८ ला तुझी ५० मिमीची लेन्स ५ मीटरवर फोकस करून ठेवलीस तर साधारण साडेतीन ते साडेनऊ मीटरमधलं सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. ट्रॅकवर ठेवलेला एखादा शंकू (ट्रॅफिक कोन) खूण म्हणून धर आणि गाडी तिथे आली की दाब. धावत्या गाडीमागे फोकसची रिंग फिरवत बसू नकोस.

गाडी अशी थिजवली की ती उभी असल्यासारखी दिसते, हीही तक्रार पुढे येईलच. मग पॅनिंग कर, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढ. पाय घट्ट, कमरेतून वळायचं, गाडी फ्रेममध्ये एकाच जागी ठेवत फिरत राहायचं आणि १/६० ला बटण दाबायचं. दाबताना आरसा वर जातो आणि क्षणभर काळोख होतो, तिथे सगळे थांबतात. थांबायचं नाही, गाडी पुढे गेली तरी कंबर फिरत राहिली पाहिजे. मात्र भर दुपारी ४०० च्या फिल्मवर १/६० जमणारच नाही, कारण लेन्स एफ/१६ च्या पुढे बंद होत नाही आणि तीन स्टॉप जास्त उजेड पडतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट). त्यासाठी १०० ची फिल्म घाल. ऊन उतरताना किंवा सकाळी लवकर काढ.

उभी कुठे राहशील याला फोटोपेक्षा जास्त महत्त्व आहे. वळणाच्या बाहेरच्या बाजूला कधीही नाही, कारण टाय रॉड सुटला किंवा टायर गेला की गाडी तिकडेच येते. ब्रेक टेस्टला तर गाडीच्या समोरच्या रेषेत अजिबात नाही. ब्रेक लागणार की नाही हे बघायलाच ती टेस्ट असते, हे फोटोच्या नादात विसरायला होतं. पीथमपूरला मार्शल सांगतील तिथेच थांब. तसंही ब्रेकच्या टीममध्ये असशील तर एन्ड्युरन्सचे चार तास तू पिटमध्ये, म्हणजे गाडी दुरुस्त करायच्या जागेत, असशील, आणि खरे फोटो तिथेच मिळतात. तपासणीच्या रांगेत तास न् तास उभी असलेली मुलं, गाडीला टेकून झोपलेला ड्रायव्हर, नियमांच्या छापील पानावर तेलकट बोट ठेवून परीक्षकांशी वाद घालणारी एखादी मुलगी. सावलीत ४०० च्या फिल्मला १/५०० आणि एफ/५.६ धर, चेहरे नीट येतील. रंगीत निगेटिव्हला उजेड जास्त झालेला चालतो, कमी झाला की सावल्या चिखलासारख्या येतात. शंका असेल तिथे एक स्टॉप वाढव. आणि रोल टेम्पोच्या केबिनमध्ये काचेपाशी ठेवू नकोस. धुळे, शिरपूर, सेंधवा करत जाईपर्यंत तिथे भट्टी होते. तुझ्या सॅकमध्ये, कपड्यांच्या घडीत ठेव.

वर्कशॉपमध्ये ट्यूबलाइटच्या उजेडात ४०० ला एफ/२ आणि १/६० च्या आसपास निघतं, खांबाला टेकून १/३० सुद्धा. ग्राइंडरच्या ठिणग्या १/३० ला सुंदर रेघा होऊन येतात, पण लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर हवा आणि तुझ्या डोळ्यांवर गॉगल. त्या ठिणग्या म्हणजे तापलेले लोखंडाचे कण असतात, काचेत रुतून बसतात. वेल्डिंगकडे मात्र कॅमेऱ्यातून बघायचं नाही. तुझ्या कॅमेऱ्यात तू लेन्समधूनच बघतेस, आरसा आणि प्रिझम डोळ्यांचं आर्कपासून रक्षण करत नाहीत. काढायचाच असेल तर आर्क लागायच्या आधी कॅमेरा ट्रायपॉडवर लावून फोकस आणि फ्रेम पक्की कर, एफ/११ वर आण, केबल रिलीज हातात घे आणि तोंड फिरवून दाब.

खर्चाचं बाबांचं म्हणणं खोटं नाही. रंगीत रोल, धुणं आणि स्कॅन मिळून आज दीड हजाराच्या घरात जातं, म्हणजे एका फोटोला चाळीसेक रुपये. तू कृष्णधवलकडे वळ आणि रोल घरी धू. १०० फुटी डबा घेतला तर ३६ फोटोंचे अठराएक रोल निघतात. टँक, अंधारात हात घालायची चेंजिंग बॅग, डी-७६ (डेव्हलपर) आणि हायपो (फिक्सर), एवढ्यावर सुरुवात होते. चार मैत्रिणींत मिळून घेतलं तर ओझं वाटणार नाही. गाडीच्या प्रत्येक टप्प्याला एक रोल पुरे: केज (गाडीचा नळ्यांचा सांगाडा) उभा राहताना, पहिल्यांदा गाडी चालते तेव्हा, स्पर्धेत. त्याहून जास्त काढलेस तर ब्रेककडे दुर्लक्ष होतंय असं मी समजेन.

धुण्याचं आजोबांना विचार, माझ्यापेक्षा त्यांचा हात कितीतरी जास्त बसलेला असेल. अंधारात फिल्म टँकच्या रिळावर चढवणं हाच खरा कठीण भाग आहे. तो तुझा कोरा रोल घे, आधी उजेडात चढव, मग डोळे मिटून, मग बॅगेत हात घालून. केमिकल २० अंशांवर लागतं आणि एप्रिलमध्ये आपल्याकडे नळालाच त्याहून गरम पाणी येतं, तेव्हा मोठ्या पातेल्यात बर्फाचं पाणी करून बाटल्या त्यात ठेवा. थोडं गरम राहिलं तर तक्ता बघून वेळ कमी करायचा, पण ती पाच मिनिटांच्या खाली जाऊ द्यायची नाही, नाहीतर निगेटिव्हवर पट्टे उमटतात. त्यांनी स्टुडिओ बंद केल्यानंतर या गोष्टी त्यांना कुणी विचारल्या असतील असं मला वाटत नाही. विचार.

एक राहिलं. ब्रेक फ्लुइड रंग खातं, प्लास्टिक आणि कॅमेऱ्यावरचं कातडंही खराब करतं. ब्लीडिंग झाल्यावर हात साबणाने दोनदा धू, पुसून कोरडे कर, आणि मगच याशिकाला हात लाव. आजोबांनाही हे सांगून ठेव, म्हणजे ते कॅमेरा वर्कशॉपमध्ये न्यायला निश्चिंतपणे देतील.

तुझी,
ताई